अठरा वेळा मेलेला आचारी

कारखान्याच्या कोठीत त्या सोमवारी सकाळी पुढील वस्तू होत्या: खपली गव्हाची सात पोती, त्यातलं एक उंदरांनी फोडलेलं. गुळाच्या ढेपा अकरा. रंगाच्या जुन्या डब्यात भरलेली चिंच. सुंठीचे तुकडे बेचाळीस. जायफळं तीन. मोहरी दोन ओंजळी. शिट्टी हरवलेला एक प्रेशर कुकर. पत्र्यावरून गोळा करून, उकळून, गाळलेलं पावसाचं पाणी नव्वद लिटर. जळणाला उसाची चिपाडं, छतापर्यंत. आणि उसाचा रस आटवायची एक प्रचंड काहील, जिच्यात दोनशे माणसांचं जेवण आरामात शिजलं असतं.

काहिलीशेजारी एक आचारी पडला होता. उपाशी मेलेला. अठराव्यांदा.

"गिरिजा, तुझे वडील परत गेले," शेजारच्या टेबलावरून इरफान पटवेगार म्हणाला.

"कधी?"

"आत्ता, साडेनऊला. उठतील पाच मिनिटांत. तोपर्यंत चहा घे."

गिरिजा मगदूमनं चहा घेतला नाही. तिनं यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेतलेल्या माणसाला अशी यादी अस्वस्थ करते. सात पोती गहू, अकरा ढेपा गूळ, आणि त्याच कोठीत भूकबळी. गणित जुळत नव्हतं.

कोल्हापुरात एका लाकडाच्या वखारीच्या वरच्या मजल्यावर नऊ जण मिळून 'राखेनंतर' नावाचा खेळ बनवत होते. खेळातलं जग असं होतं: आकाशातून वर्षभर राख पडली, वीज गेली, शहरं ओस पडली, आणि सोळा वर्षांनंतर उरलीसुरली माणसं एका मोडक्या साखर कारखान्यात आसरा घेऊन राहू लागली. खेळ अजून बाजारात आला नव्हता. महाराष्ट्रभरातले दोनशे बारा लोक तो घरबसल्या खेळून त्यातल्या चुका कळवत होते. त्यांतला एकसष्टावा खेळाडू म्हणजे मिरजेचे गुरुपाद मगदूम, वय त्रेसष्ट, निवृत्त आचारी, गिरिजाचे वडील.

खेळातला स्वयंपाक गिरिजाकडे होता. इतर खेळांत दोन वस्तू भांड्यात टाकल्या, बटण दाबलं, की वाफाळतं ताट समोर येतं. गिरिजाला ते मान्य नव्हतं. तिनं प्रत्येक धान्याला त्याचं पाणी, पिष्ट, प्रथिनं, तेल आणि आंबटपणा दिला होता. भांड्याचे हजारो बारीक कप्पे पाडले होते, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात उष्णता कशी जाते हे संगणक सेकंदाला तीस वेळा मोजत असे. पासष्ट अंशांच्या आसपास पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगू लागत. जाळ एका बाजूला जास्त झाला तर खालचं करपून वरचं कच्चं राही. रानातला कडू कंद तीनदा उकळून तिन्ही वेळा पाणी फेकलं नाही, तर खाणारा खेळाडू अर्ध्या तासात आडवा होई. पहिल्या आठवड्यात असे चाळीस जण आडवे झाले होते. त्यांनी रागारागानं पत्रं लिहिली आणि नंतर कंद नीट उकळायला शिकले.

यातही आण्णांनी, म्हणजे गुरुपादांनी, पहिल्याच दिवशी खोट काढली होती.

"तुझ्या खेळात गूळ आधी घातला तरी गहू शिजतोय," ते फोनवर म्हणाले होते. "असं कुठं असतंय होय? गूळ आधी पडला की खपली जन्मात शिजत नाही. दाताखाली खडे लागतील."

गिरिजानं तपासलं. आण्णा बरोबर होते. गूळ पाणी स्वतःकडे ओढून घेतो, आणि त्यातला कॅल्शियम दाण्याचं बाहेरचं आवरण घट्ट करतो. तिनं हे सूत्र घातलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा पुन्हा फोन: मोहरीचा आवाज खोटा आहे. मोहरी आधी एकेकटी तडतडते, मग घोळक्यानं, आणि मग गप्प होते. जिरं घालायची वेळ ती गप्प होण्याच्या जरा आधीची. खेळातले आवाज इरफानकडे होते. त्यानं आईच्या स्वयंपाकघरात दोन दिवस ध्वनिमुद्रण केलं, कढईभर मोहरी जाळली आणि घरातून हाकलला गेला. पण आता आवाज खरा होता.

आण्णांना खेळात आणण्यामागे गिरिजाचा वेगळाच हेतू होता.

चौदा महिन्यांपूर्वी आण्णांना एक ताप आला. ताप आठ दिवसांत गेला, जाताना वास घेऊन गेला. नाकाच्या आत, अगदी वरच्या टोकाला, वास ओळखणाऱ्या पेशींचा टपाल तिकिटाएवढा पट्टा असतो. तो त्या तापाच्या विषाणूनं खरवडून काढला. आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं जिभेचं काम थोडंच. गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या रश्श्यात लागते तशी एक पाचवी, एवढंच जीभ सांगते. जिरं आणि ओवा यांतला फरक, तुपाचं तूपपण, भाजल्याचा खमंगपणा, हे सगळं घशाच्या मागून नाकात चढतं. तो रस्ता बंद झाल्यावर आण्णांना भाकरी म्हणजे ओला पुठ्ठा झाली. खीर म्हणजे गोड पुठ्ठा. अडुसष्ट किलोंचा माणूस महिन्यागणिक उतरत गेला.

खेळासोबत येणारी गंधपट्टी नाकाचा रस्ताच टाळायची. कपाळावर बांधायची ही मऊ पट्टी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी भुवयांच्या मधोमध, आत, मेंदूतल्या गंधकंदावर एकवटते. नाकातून येणारे निरोप जिथे पहिल्यांदा पोचतात ती ही जागा. निरोप कुठून आला हे मेंदू विचारत नाही; ठरावीक ठिपके ठरावीक क्रमानं जागे झाले की त्याला सुंठ आठवते. निरोगी खेळाडूंना खेळात भाकरी खाल्ली की भाकरीचा वास येत होता. कवटी तापू नये म्हणून लहरी फक्त खेळातल्या माणसानं घास घेतला त्या क्षणीच सुटायच्या, दिवसाला जास्तीत जास्त बारा मिनिटं.

आण्णांचं नाक गेलं होतं. गंधकंद बहुधा शाबूत होता. त्या 'बहुधा'वर गिरिजानं तेवीस दिवसांपूर्वी त्यांच्या कपाळाला पट्टी बांधली होती.

*

आदल्याच दिवशी, रविवारी, ती मिरजेला गेली होती तेव्हा आईनं, सुशीलाबाईंनी, दारातच जाहीर केलं, "पन्नास किलो चारशे. सकाळीच काट्यावर उभं केलंय."

"काटा जुना आहे," आतून आण्णांचा आवाज आला.

"काटा जुना, बायको जुनी, सगळ्यांत खोट. तेवढे तुम्ही नवीन."

आण्णा पडद्यासमोर बसले होते, कपाळाला पट्टी, हातात खेळाचा नियंत्रक ओगराळ्यासारखा धरलेला. बाजूला स्टुलावर आमटी-भाताचं ताट, कडेचा एक घास तेवढा मोडलेला.

डॉक्टर खानापुऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. पुढच्या महिन्याच्या सहा तारखेला वजन पन्नासच्या खाली असेल तर वाट बघायची नाही; नाकातून पोटापर्यंत नळी घालून अन्न द्यायचं. आण्णा त्यावर म्हणाले होते, "ज्या नाकाला वास येत नाही त्याच नाकातनं जेवायचं? हे म्हणजे बहिऱ्याला कानातनं पाणी पाजल्यासारखं झालं." डॉक्टर हसले होते, पण तारीख बदलली नव्हती. सहा तारखेला सतरा दिवस उरले होते.

"आण्णा, पट्टीतून काही जाणवतं?"

"अजून तर काही नाही."

"जरासुद्धा?"

"अजून नाही, म्हटलं ना. सरक जरा, पडदा झाकतीयस. चाळीस पानं मांडलीत."

गिरिजानं वहीत लिहिलं: प्रतिसाद नाही. कोल्हापूरला परतताना बसमध्ये तिनं गंधकंदाच्या इजेवरचे तीन शोधनिबंध वाचले. तिन्ही निराश करणारे होते.

*

म्हणूनच सोमवारी ती यादी तिला झोंबली. तिचा तर्क सरळ होता: पट्टी आण्णांवर चालत नाही, खेळातलं अन्नही पुठ्ठाच लागतं, म्हणून घरी जेवत नाहीत तसे तिथेही जेवत नाहीत. तिनं लहरींची तीव्रता मर्यादेत राहून वाढवली, ठिपक्यांचा क्रम बदलला. मंगळवारी पुन्हा बदलला. आचारी एकोणिसाव्यांदा मेला.

बुधवारी दुपारी तिनं ठरवलं, आण्णांच्या प्रत्येक घासाला कोणती लहर गेली आणि त्यावर त्यांच्या चेहऱ्याच्या स्नायूंनी काय केलं, हे ओळीनं बघू. फाइल उघडली. त्यात आकडे नव्हते. शून्यंही नव्हती. फाइल कोरी होती.

मोजून शून्य येणं आणि मोजलंच न जाणं यांतला फरक तिला पदवीच्या पहिल्याच वर्षी शिकवला होता.

"इरफान, आण्णांचा सगळा हिशेब काढ बरं. तेवीस नव्हे, आता पंचवीस दिवसांचा."

इरफाननं काढला आणि मोठ्यानं वाचला. "शिजवलेले पदार्थ पाचशे अठरा. वाढलेली पानं नऊ हजार तीनशे ऐंशी. बाप रे, हे काका आहेत का साखर कारखान्याचं कँटीन? चाखणे, शून्य. घास, शून्य."

"पुन्हा वाच."

"घास शून्य. एक पण नाही. पट्टीनं त्यांना एकदा पण वास सोडलेला नाही, गिरिजा. सोडणार कधी? माणूस जेवलाच नाही!"

पट्टी चालते की नाही हे गेल्या पंचवीस दिवसांत कुणीही तपासलंच नव्हतं. गिरिजा आधी रागावली, मग हसली आणि शेवटी खुर्ची ओढून आण्णांच्या मागोमाग अदृश्य होऊन खेळात शिरली.

काहिलीखाली चिपाडं धडधडत होती. खेळातले आण्णा पंचा बांधून उभे होते, समोर जमिनीवर पंगत. चाखायचं बटण पडद्याच्या कोपऱ्यात चमकत होतं. ते त्याकडे बघतही नव्हते. वाफेचा रंग बघून, रटरटीचा आवाज ऐकून ते जाळ ओढत होते. पंगत उठली. आण्णा फाटकाकडे तोंड करून म्हणाले, "अजून कोण राहिलंय का?"

फाटकातून चार जण आत आले. खेळात भूक पुन्हा पुन्हा लागते, म्हणून दर तीन-चार मिनिटांनी कुणी ना कुणी खेळाडू येतोच. खेळ तसाच बनवला होता, आणि बनवणाऱ्यांत गिरिजा होती.

"या, बसा, बसा. पानं मांडा रे."

त्यांच्यात एक दांडगा गडी होता, डोक्यावर पत्र्याचा डबा शिरस्त्राणासारखा. त्याच्या डोक्यावर नाव तरंगत होतं: डबडाकिंग. तो वऱ्हाडीत विचारत होता, "काय बनवून राहिले आण्णा आज? मी त अकोल्यावरून वासावरच आलो बाप्पा."

"बस. भाकरी घे. बाळ कसंय?"

"झोपू देत नाही. म्हणून त इथं येतो."

ते उठले, सहा जण आले. ते उठले, तीन आले. दोन तासांनी पडद्याच्या कडेला आण्णांच्या भुकेची रेघ तळाला टेकली. त्यांनी ओगराळं काहिलीवर आडवं ठेवलं, "विस्तवाकडं बघा रे जरा, मी आलोच," असं म्हणाले आणि मेले.

गिरिजाला नऊ वर्षांची ती स्वतः आठवली. जयसिंगपूरचं कुठलंसं लग्न, मांडवामागे पाच काहिली. ती आण्णांना विचारतेय, खिरीत मीठ घातलं का, चाखून बघू? आणि आण्णा दचकून तिचा हात धरतात. देवाला दाखवायच्या आधी चाखलं की उष्टं झालं. मग तुम्हाला कसं कळतं? त्यावर आण्णांनी वाफेवर नाक धरून दाखवलं होतं. एका वाफेत त्यांना मीठ, गूळ आणि गव्हाचा कस कळायचा. त्यांच्या धंद्यात जिभेला काही कामच नव्हतं. सगळी चाकरी नाकाची. शेवटची पंगत उठेपर्यंत ते पाणीसुद्धा उभ्यानं प्यायचे. दुपारचे चार वाजायचे. मग यजमान स्वतः हात जोडून मांडवामागे यायचा आणि आचाऱ्याला पानावर बसवून आपल्या हातानं वाढायचा. तो आल्याशिवाय आचारी बसत नसे.

खेळात गहू होता, गूळ होता, जाळ होता. पंगतीला शेवट नव्हता आणि यजमान नव्हता.

*

"सोपंय," इरफान म्हणाला. "त्यांच्या माणसाच्या तोंडात आपोआप घास जाईल अशी दोन ओळींची आज्ञा लिहितो."

"कळेल त्यांना. ज्यांना मोहरीचा आवाज कळला त्यांना हे कळणार नाही?"

"मग त्यांनाच सांग, आण्णा, खेळ आहे, जेवा गुपचूप."

तिनं त्याच संध्याकाळी मिरज गाठून सांगून बघितलं.

"दारात माणूस उभा असताना आचारी जेवतो होय?" आण्णा म्हणाले.

"आण्णा, ती काय खरी भूक आहे? चित्रं आहेत ती."

"चित्रं? डबडाकिंग बँकेत कारकून आहे अकोल्याला. परवा बारसं झालं पोरीचं, मला घुगऱ्यांचा फोटो पाठवलाय. आणि ती लातूरची नर्स, ड्युटी संपवून येते बिचारी. 'आण्णा, दिवसभरात आत्ताच बसले,' म्हणते. तिला सांगू, थांब, मी आधी जेवतो?"

"पण तुम्ही मरताय की तिथं!"

"मग? पाच मिनिटांत उठतोय. तेवढीच पाठ टेकते."

स्वयंपाकघरातून सुशीलाबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं हेच ऐकलंय मी. पोरीच्या लग्नात तरी वेळेवर जेवा म्हणावं."

"तिच्या लग्नात मी यजमान," आण्णा म्हणाले. "यजमान सगळ्यांच्या शेवटी जेवतो. आचाऱ्याच्या पण नंतर."

गिरिजानं वही उघडून 'यजमान' एवढंच लिहिलं. तिला हवं ते उत्तर मिळालं होतं.

*

गुरुवारी सकाळी तिनं आण्णा वगळता उरलेल्या दोनशे अकरा खेळाडूंना पत्र लिहिलं. शास्त्र दोन ओळींत, आण्णांचं वजन एका ओळीत, आणि विनंती: रविवारी दुपारी एक वाजता सगळ्यांनी कारखान्यात यावं. पोटभर जेवावं. जेवून झाल्यावर हात धुऊन कोपऱ्यात बसावं, आणि एक तास कुणीही पुन्हा भुकेलं म्हणून उठू नये.

तासाभरात एकशे चाळीस उत्तरं आली. डबडाकिंगचं सर्वांत लांब होतं. त्यानं माणसं वाटूनही टाकली होती. फाटकाबाहेर दोघं उभे राहतील आणि नव्यानं येणाऱ्याला आत सोडण्याआधी थोपवून धरतील. पण त्या दोघांना स्वतःला जेवायला मिळणार नाही, फाटक सोडता येणार नाही. 'एक मी,' त्यानं लिहिलं होतं. 'मेलो तरी चालते. आण्णा त कितीदा मेले आमच्यासाठी.'

रविवारी गिरिजा मिरजेत होती. मांडीवर तिचा संगणक, त्यावर आण्णांच्या लहरींचा नकाशा. सुशीलाबाईंनी सकाळीच खरी खपली भिजवून, कांडून चुलीवर चढवली होती. गूळ दाणा फुटल्यावरच घातला होता. आण्णांना वाटलं, रविवार म्हणून खीर.

खेळातही आण्णांनी खीरच शिजवली. एकशे शहाण्णव पानं बसली. पहिली पंगत, दुसरी, तिसरी. दोन वाजून दहा मिनिटांनी शेवटचं पान उठलं.

"अजून कोण राहिलंय का?"

कारखाना शांत होता. फाटकातून कुणी आत आलं नाही. एकशे शहाण्णव माणसं भिंतीशी ओळीनं बसली होती, हात धुतलेले, आण्णांकडे बघत.

"काय झालं रे?" आण्णा म्हणाले. "कुणीच नाही? फाटक तर उघडं दिसतंय."

बाहेर डबडाकिंगची भुकेची रेघ लाल झाली होती. तो ओरडला, "घाई करा ना बाप्पा कोणी!"

गिरिजा खेळात शिरली, या वेळी सर्वांना दिसेल अशी. ती काहिलीपाशी गेली आणि तिनं हात जोडले.

"आण्णा, पंगत उठली. गहू माझा, गूळ माझा, कारखाना माझा. आज मी यजमान. तुम्ही आता बसा."

खोलीत आण्णांनी मान वळवून खऱ्या गिरिजाकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्यावरच्या गिरिजाकडे. त्यांनी कपाळावरची पट्टी सारखी केली. मग खेळातल्या आचाऱ्यानं पंचा सोडून खांद्यावर टाकला आणि तो मांडी घालून बसला. गिरिजानं त्याच्यासमोर पान ठेवलं, खीर वाढली. त्याच वेळी सुशीलाबाईंनी खऱ्या खिरीची वाटी आण्णांच्या हातात दिली.

"दोन्हीकडचा घास एकदमच घ्या," गिरिजा म्हणाली.

त्यांनी घेतला. पट्टीतून पहिली लहर सुटली. आण्णांचा चेहरा आक्रसला.

"रॉकेल!"

"काय?"

"रॉकेलचा वास येतोय!" आण्णा ओरडले. "गिरे, वास येतोय! घाण वास येतोय! सुशी, रॉकेल!"

"माझ्या खिरीला?" सुशीलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तेवढ्यात नवऱ्याच्या गालावरून पाणी ओघळलं आणि त्यांनी हात खाली घेतले.

गिरिजाची बोटं चालू लागली होती. प्रत्येक मेंदूतला नकाशा वेगळा. सुंठीचे ठिपके कुणाचे डावीकडे, कुणाचे खाली. ते घासाघासानं शोधावे लागतात. "पुढचा घास. आता?"

"ओलं पोतं."

"आता?"

"पोतंच. पण सुकायला लागलंय."

"आता?"

"काहीतरी भाजलंय. थांब. कोथिंबीर? नाही. परत जा, मागचं होतं ते बरं होतं."

पडद्याच्या कोपऱ्यात ओळ उमटली: फाटकाबाहेर डबडाकिंग भुकेनं मेला. भिंतीशी बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या पहारेकऱ्यानं थोपवून धरलेले, उशिरा आलेले अकरा खेळाडू कुंपणावरून आत डोकावत होते.

अठराव्या घासाला आण्णा थांबले. डोळे मिटले. चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत ते वाफेवर नाक धरायचे तसं त्यांनी तोंड जरा वर केलं.

"जायफळ जास्त झालंय," ते म्हणाले.

सुशीलाबाई फणकारल्या. "मी जायफळ घातलंच नाही!"

"तुझ्यात नाही. माझ्यात." त्यांनी पडद्यावरच्या काहिलीकडे बोट दाखवलं. "एक पुरलं असतं, मी दीड किसलं. एवढ्या लोकांनी गुपचूप खाल्लं, एकानं पण सांगितलं नाही." मग त्यांनी रिकामी वाटी पुढे केली. "यजमान, वाढा की."

गिरिजानं दोन्हीकडे वाढलं.

*

पुढचे नऊ दिवस मगदूमांच्या घरी दुपारचं जेवण दोन ठिकाणी एकदमच झालं. कारखान्यात रोज एक नवा यजमान ठरू लागला. यादी खेळाडूंनीच केली आणि फाटकाचा पहारासुद्धा वाटून घेतला. डबडाकिंगला पहारा माफ होता. लातूरच्या नर्सनं तिच्या यजमानपणाच्या दिवशी आण्णांना इतका आग्रह केला, की बारा मिनिटांची मर्यादा संपली तरी आण्णा वास नसलेला भात आठवणीवर खात राहिले. गिरिजानं खेळातलं चाखायचं बटण काहिलीपासून दूर हलवलं आणि त्या जागी वाफेवर नाक धरायचं बटण ठेवलं. दोनशे बारांपैकी एकशे सत्तर जणांना ते अधिक आवडलं.

सहा तारखेला डॉक्टर खानापुऱ्यांच्या दवाखान्यात आण्णा चपला काढून काट्यावर उभे राहिले. काटा नवा होता. नर्सनं आकडा मोठ्यानं वाचला आणि गिरिजानं तो वहीत उतरवून घेतला.

एक्कावन्न किलो, तीनशे ग्रॅम.